रिझ्युमे दहा वेळा तपासला तरी चूक राहतेच, काढलेली चूक परत येते: कुठून येते आणि काय करायचं

नाशिकच्या सिडकोत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटंसं दुकान आहे, २०१५ च्या सिंहस्थाच्या वर्षी टाकलं. एका बाजूला अंबड एमआयडीसी, दुसरीकडे सातपूर, त्यामुळे लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीच्या पत्रिकांपेक्षा धंदा बायोडेटाचा जास्त. आयटीआयची पोरं, डिप्लोमावाले, सेकंड शिफ्टला जाताना गाडी चालूच ठेवून "काका दोन कॉप्या द्या" म्हणणारे सीएनसी ऑपरेटर, बीकॉम करून अकाउंटचं काम शोधणाऱ्या मुली, सगळे येतात. आणि एक तक्रार इतक्या वेळा ऐकलीय की पाठ झालीय, "काका, ही चूक आपण मागच्या वेळी काढली होती ना, मग परत कशी आली?"

बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं, तू नीट वाचलं नसशील. मग एक पोरगा आला, क्वालिटीत काम करणारा, मायक्रोमीटर लावून दहा मायक्रॉनचा फरक पकडणारा माणूस. तीन महिने झाले, अर्ज करतोय, एक पण फोन नाही. प्रिंट काढायच्या आधी मी त्याला व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवायला म्हणून नंबर विचारला, त्याने सांगितला, मी टाइप केला आणि सहज समोरच्या कागदाकडे बघितलं तर कागदावर शेवटून दोन आकडे उलटे. त्याचा चेहराच उतरला. कारण वर्षभरापूर्वी हीच चूक त्याने माझ्यासमोर बसून दुरुस्त करून घेतली होती, मला आठवत होतं, मीच बॅकस्पेस मारला होता. म्हणजे वाचलं होतं, सापडलं होतं, सुधारलं पण होतं, आणि तरी तीन महिने चुकीचाच नंबर गावभर फिरत होता.

त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. म्हटलं तुमच्या कंपनीत रिजेक्शन आलं की व्हाय-व्हाय करता ना, "का झालं, ते तरी का" असं विचारत मुळापर्यंत जाता, तसं करू. चहा सांगितला आणि बसलो. तेव्हापासून जो कोणी "परत चूक" घेऊन येतो त्याचं असंच मुळापासून शोधतो, त्यातून जे जे सापडलं ते खाली लिहितोय. क्रम मुद्दाम असा ठेवलाय, आधी फाइल आणि मग स्पेलिंग, कारण चुकीची फाइल जात असेल तर स्पेलिंग सुधारून काहीच होत नाही.

आधी बघा, सुधारलेली फाइल तुम्ही पाठवताच का

त्या पोराच्या बाबतीत गंमत अशी होती की दुरुस्त केलेली फाइल माझ्या कॉम्प्युटरवर होती आणि त्याच्या मेलवर एकदा पाठवलेली होती, पण तो अर्ज करत होता मोबाइलवरून. मोबाइलमध्ये त्याच्या नावाच्या सहा फाइली. रिझ्युमे, रिझ्युमे न्यू, रिझ्युमे फायनल, फायनल २, आणि मग व्हॉट्सअॅपवरून पुन्हा पुन्हा डाउनलोड झाल्यामुळे कंसात एक, कंसात दोन लागलेल्या. फाइल जोडताना मोबाइल "रिसेंट" म्हणून जी यादी दाखवतो त्यातली वरची फाइल ही शेवटी उघडलेली किंवा शेवटी डाउनलोड झालेली असू शकते, ती शेवटी सुधारलेली असेलच असं नाही. मित्राने तुमचाच जुना रिझ्युमे तुम्हाला परत पाठवला, तुम्ही तो उघडून बघितला, झालं, आता तोच वर.

दुसरी जागा म्हणजे नोकरीच्या साइट. नोकरी डॉट कॉमवर तुमचं प्रोफाइल वेगळं आणि त्याला जोडलेली रिझ्युमेची फाइल वेगळी, एकीकडे नंबर बदलला म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. लिंक्डइन तर आधी अपलोड केलेले रिझ्युमे साठवून ठेवतं आणि अप्लाय करताना जुनाच पुढे करतं, घाईत आपण सबमिट दाबून मोकळे.

तिसरी जागा मला सगळ्यात उशिरा कळली. लोक नवीन मेल लिहीतच नाहीत! जुन्या कंपनीला पाठवलेला मेल उघडायचा, फॉरवर्ड दाबायचं, नवीन पत्ता टाकायचा. त्यात जुनी फाइल तशीच जोडलेली जाते, आणि शिवाय खाली आधीच्या कंपनीच्या साहेबांचं नाव, तारीख सगळं. एका ताईंनी असा मेल एकाच दिवसात सात ठिकाणी पाठवला होता, सातव्या माणसाला आधीच्या सहा जणांचे पत्ते दिसत होते, लांबच लांब शेपूट.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे. मूळ फाइल एकच ठेवायची, एकाच जागी, गूगल ड्राइव्हवर ठेवली तर घर, दुकान, मोबाइल सगळीकडे तीच उघडते. बदल करायचा तर त्यातच, आणि पाठवायच्या वेळी दर वेळी ताजा पीडीएफ काढायचा. पीडीएफच्या नावात स्वतःचं पूर्ण नाव, पोस्ट आणि महिना. "फायनल" हा शब्द फाइलच्या नावात टाकायचाच नाही, फायनल कधीच फायनल नसतं, मी दुकान टाकल्यापासून बघतोय. बाकीच्या जुन्या फाइली मोबाइलमधून उडवून टाका, जीव होत नसेल तर "जुने" नावाचं फोल्डर करून त्यात ढकला. मग साइटवर जाऊन अपलोड केलेली जुनी फाइल काढा, नवी टाका, आणि टाकल्यावर तिथूनच परत डाउनलोड करून उघडा. जे डाउनलोड झालं तेच समोरच्या साहेबांना दिसणार आहे, तुमच्या लॅपटॉपवरचं नाही.

ड्राइव्हची लिंक पाठवत असाल तर अजून एक. लिंकची परवानगी "रिस्ट्रिक्टेड" राहिली तर समोरच्याला फाइल दिसत नाही, परवानगी मागायची पाटी दिसते, आणि शंभर अर्ज बघणारा माणूस परवानगी मागत बसत नाही. शक्यतो फाइलच पाठवा.

लाल रेघ आली नाही म्हणजे बरोबर आहे असं धरून चालू नका

हा भाग जरा तांत्रिक आहे पण खरी मजा इथेच आहे. वर्डमध्ये चुकीच्या स्पेलिंगखाली लाल रेघ येते हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे रेघ नाही म्हणजे पास असं आपण धरतो. पण रेघ न येण्याची चार-पाच कारणं आहेत.

एक, मोठ्या लिपीतले शब्द. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग इथे गेलात की "इग्नोर वर्ड्स इन अपरकेस" अशी एक टिक दिसेल, बऱ्याचदा ती आधीपासूनच असते. म्हणजे सगळा शब्द कॅपिटलमध्ये असेल तर वर्ड तो तपासतच नाही. आता रिझ्युमेत कॅपिटलमध्ये काय असतं? तुमचं नाव, "करिक्युलम व्हिटे", "एक्सपीरियन्स", "एज्युकेशनल क्वालिफिकेशन", म्हणजे सगळ्यात मोठ्या अक्षरातलं, सगळ्यात वरचं, समोरच्याच्या डोळ्यात पहिल्यांदा भरणारं. एक्सपीरियन्समधले आय आणि ई उलटे झालेले मी किती कागदांवर बघितले असतील, मोजता येणार नाही. ती टिक काढा. त्याच्या शेजारी आकडे असलेले शब्द सोडून द्यायची पण टिक असते, ती पण काढा, मशीनचे मॉडेल नंबर लाल झाले तर होऊ देत, एकदा नजर मारता येते.

दोन, टेम्प्लेट. नेटवरून किंवा मित्राकडून घेतलेल्या फाइलमध्ये कुणीतरी आधीच "डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर" लावून ठेवलेलं असतं, मग त्या फाइलमध्ये काहीही लिहा, सगळं गोडच. कंट्रोल ए करून सगळं सिलेक्ट करा, रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज, ती टिक काढा आणि तिथेच भाषा इंग्लिश इंडिया करा. भाषा अमेरिकन असली की "लेबर", "ऑर्गनायझेशन" अशा आपल्या पद्धतीच्या बरोबर स्पेलिंगला पण लाल रेघ येते, मग माणसाला सवय लागते की लाल रेघेकडे बघायचंच नाही, आणि त्या गर्दीत खरी चूक निसटते.

तीन, हे लिहायला मला लाज वाटते पण लिहितो. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर "मेंटेनन्स" चुकीचं लिहिलं तरी लाल रेघ येत नव्हती. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर यायची, माझ्याकडे नाही. बरेच दिवस वाटत होतं वर्डच बिघडलंय. शेवटी कस्टम डिक्शनरी उघडली, तीच प्रूफिंगमधली, "एडिट वर्ड लिस्ट", तर आत चुकीच्या स्पेलिंगचे शब्द ओळीने बसलेले. कुणीतरी, बहुतेक मीच घाईत, राइट क्लिक करून "अॅड टू डिक्शनरी" दाबलेलं, आणि एकदा ते झालं की तो कॉम्प्युटर ती चूक जन्मभर बरोबर मानतो. म्हणजे कित्येक पोरांच्या रिझ्युमेत ती चूक माझ्या दुकानातूनच गेली. ती यादी साफ केली, आणि आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बघतो. तुम्ही सायबरमध्ये बसून टाइप करत असाल तर तिथला कॉम्प्युटर हजार हातांखालून गेलेला असतो, त्याच्या लाल रेघेवर विश्वास ठेवू नका. आणि मेंटेनन्सचं म्हणाल तर मेंटेनमध्ये शेवटी ए आय एन येतं म्हणून लोक इथे पण तेच घुसवतात, इथे मधे नुसतं टी ई एन आहे.

चार, शब्द बरोबर पण भलताच. याला कुठलीही साधी लाल रेघ पकडत नाही कारण डिक्शनरीत तो शब्द आहे. मॅनेजरमधला मधला ए गेला की इंग्रजीत त्याचा अर्थ होतो गव्हाण, गुरांना चारा टाकायची, आणि "असिस्टंट गव्हाण" म्हणून अर्ज गेलेला मी स्वतः बघितलाय. प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये दोन एन लागतात, एकच दिला तर ते रंधा मारणं होतं. डाय कास्टिंगमधला डाय आय आणि ई ने, वाय आणि ई लावलं की कपडे रंगवायचा रंग. मॅरिटल स्टेटसमध्ये टी आणि आय ची अदलाबदल झाली की मार्शल, म्हणजे लष्करी. कस्टमरचा यू आणि ओ उलटा झाला की कॉस्ट्यूम शिवणारा. फ्रॉम आणि फॉर्म तर विचारूच नका. ही यादी मी दुकानात भिंतीवर चिकटवलीय, फाइलमध्ये कंट्रोल एफ मारून एकेक शब्द शोधायचा, दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या ट्रेडचे असे शब्द तुम्ही यादीत घाला, अकाउंटवाल्यांचे वेगळे असतील, नर्सिंगवाल्यांचे वेगळे.

स्वतःचं लिहिलेलं स्वतःला का दिसत नाही

कारण आपल्याला माहीत असतं तिथे काय लिहिलंय. डोळा अर्धा शब्द बघतो, उरलेला डोकं भरून टाकतं. बायको मला रोज सांगते की समोर ठेवलेली किल्ली मला दिसत नाही, तसंच ते. त्यामुळे "नीट वाच" हा सल्ला काही कामाचा नाही, डोक्याला फसवून वाचावं लागतं.

मी लोकांना असं करायला लावतो. स्क्रीनवर नाही, कागदावर. पाच रुपये जातील, जाऊ देत. फूटपट्टी घ्यायची, एका ओळीखाली धरायची, आणि शेवटच्या ओळीपासून वर यायचं. उलटं वाचलं की गोष्ट लागत नाही, नुसते शब्द उरतात, मग शब्द दिसतात. फूटपट्टी नसेल तर रिझ्युमेचीच दुसरी कॉपी घडी घालून धरा. एकदा असं झालं की दुसऱ्या फेरीत फक्त आकडे बघायचे, मोबाइल नंबर, वर्षं, टक्के, पिनकोड, बाकी काही वाचायचं नाही. एकाच फेरीत सगळं बघायला गेलं की काहीच बघितलं जात नाही. मग एकदा मोठ्याने. लाज वाटत असेल तर वर्डला वाचायला लावा, रिव्ह्यूमध्ये रीड अलाउड आहे, इयरफोन लावून ऐका, जिथे वाक्य अडखळतं तिथे हमखास एखादा शब्द गळलेला किंवा दोनदा पडलेला असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं रात्री अकराला करून अर्ज अकरा वाजून पाच मिनिटांनी पाठवू नका. एक झोप मधे जाऊ द्या.

नंबर तपासायची माझी पद्धत सोपी आहे. कागद समोर धरायचा आणि कागदावरचा नंबर दुसऱ्याच्या फोनवरून बघून बघून लावायचा. तोंडपाठ नाही, बघून. तुमचा फोन वाजला तर बरोबर. मेलचं पण तसंच, कागदावरून बघून टाइप करून मेल पाठवायचा आणि तो आला का बघायचं. यात अजून एक गोष्ट उघड होते, निम्म्या पोरांना त्या मेलचा पासवर्डच माहीत नसतो! आयडी कुठल्यातरी सायबरवाल्याने अॅडमिशनच्या वेळी काढून दिलेला, तेव्हाचा नंबर बंद झालेला. इंटरव्ह्यूचा मेल तिथे येऊन पडतो आणि पोरगं इथे म्हणतंय काहीच उत्तर येत नाही.

दुसऱ्याला वाचायला द्यायचं असेल तर दोघांना द्या, एक तुमच्या लाइनचा आणि एक अगदी बाहेरचा. लाइनवाला म्हणेल हा मशीन कंट्रोलर तू चुकीचा लिहिलास, बाहेरचा म्हणेल हे वाक्य कळलं नाही. दादाला वहिनीला विचारलं की "छान आहे" एवढंच मिळतं, त्यांना विचारायचंच तर "चूक सांगा" न म्हणता "निदान तीन चुका शोधून द्या" म्हणा.

न दिसणाऱ्या चुका

यांना मी लपलेल्या म्हणतो कारण कागदावर सगळं बरोबर दिसतं.

मेल आयडी सुधारला, अक्षरं बरोबर झाली, पण त्याच्याखाली निळी लिंक आहे ती जुन्याच पत्त्याची. वर्डमध्ये लिंकवरची अक्षरं बदलली तरी आतला पत्ता बदलत नाही. समोरच्याने क्लिक केलं की मेल जातो जुन्या, चुकीच्या आयडीवर. राइट क्लिक, एडिट हायपरलिंक, आतला पत्ता बघा, नाहीतर रिमूव्ह हायपरलिंक करून साधी अक्षरं ठेवा. लिंक असेल तर पीडीएफ झाल्यावर स्वतः क्लिक करून बघा.

मित्राने ट्रॅक चेंजेस (प्रत्येक बदलाची खूण ठेवणारी वर्डची सोय) लावून तपासून दिलं असेल तर तुमच्या स्क्रीनवर "सिंपल मार्कअप" मुळे सगळं स्वच्छ दिसतं, नुसती कडेला एक उभी लाल रेघ. समोरच्याने उघडलं की खोडाखोड, कॉमेंट सगळं दिसू शकतं. एका मुलाच्या फाइलमध्ये मित्राची कॉमेंट होती, "हे खरं आहे का भाऊ??" आणि ती तशीच एचआरकडे गेली. अॅक्सेप्ट ऑल चेंजेस करा, सगळ्या कॉमेंट डिलीट करा, मग पीडीएफ.

मित्राच्याच फाइलवर आपलं नाव टाकलेलं असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये टायटल आणि ऑथर मित्राचंच राहतं. क्रोममध्ये पीडीएफ उघडला की वरच्या टॅबवर ते टायटल झळकतं. फाइल, इन्फो मध्ये जाऊन बदलून टाका.

आणि डिक्लेरेशन. "आय हिअरबाय डिक्लेअर" च्या खाली प्लेस नाशिक, डेट, आणि तिथे दोन वर्षांपूर्वीची तारीख. हा माणूस दोन वर्षं हाच कागद फिरवतोय हे त्यातून आपोआप कळतं. माझं मत विचाराल तर डिक्लेरेशन काढूनच टाका, मागितलं तर लिहा. वडिलांचं नाव, धर्म, हॉबी, मॅरिटल स्टेटस यांचं पण तसंच, जेवढ्या ओळी कमी तेवढ्या चुका कमी. आधार आणि पॅन नंबर तर अजिबात नको, हे कागद कुठे कुठे पडतात ते मला विचारा, एका वडापावच्या गाडीवर माझ्याच दुकानात टाइप केलेल्या बायोडेटात वडा बांधून मिळालाय मला.

स्पेलिंग बरोबर, माहिती चूक

ही तपासायची जागा स्क्रीन नाही, घरातली कागदपत्रांची फाइल आहे. मार्कशीट, सर्टिफिकेट, ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर सगळं पुढ्यात घेऊन बसा आणि एकेका ओळीवर पेनने टिक करा.

नाव आधी. मार्कशीटवर आडनाव पहिलं, रिझ्युमेवर शेवटी, ते चालतं, पण स्पेलिंग एकच पाहिजे. दीपकमध्ये डबल ई आहे की आय, चौधरीच्या शेवटी आय की वाय, आधारवर काय आणि बोर्डाच्या सर्टिफिकेटवर काय. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी तर ठरवूनच टाकावं कुठलं नाव चालवायचं आणि दुसऱ्या नावाचा पुरावा जवळ ठेवावा.

विद्यापीठ. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. तुमची डिग्री आधीची असेल तर सर्टिफिकेटवर जे छापलंय तेच लिहा, नंतरची असेल तर नवीन नाव पूर्ण लिहा, एकाच पानावर बीएससीला एक नाव आणि एमएससीला दुसरं असेल तर ते चूक नाही पण सर्टिफिकेटशी जुळलं पाहिजे. मुक्त विद्यापीठवाले "वायसीएमओयू" एवढंच लिहितात, नाशिकमध्ये सगळ्यांना कळतं, बाहेरच्या कंपनीत नाही कळणार, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ असं एकदा तरी पूर्ण येऊ द्या. डिप्लोमावाल्यांनी युनिव्हर्सिटीच्या रकान्यात कॉलेजचं नाव टाकू नये, तिथे तंत्रशिक्षण मंडळ येतं. आणि आपल्या गावाचं नाव! इंग्रजीत कुणी एच लावतं, कुणी लावत नाही, आणि रिझ्युमेत दोन्ही सापडतात, एच लावा आणि सगळीकडे लावा.

मग नोकरीच्या तारखा. इथे दोन चुका पुन्हा पुन्हा येतात. पहिली "टिल डेट" दोन कंपन्यांपुढे, नवीन नोकरी वर टाकली पण आधीची बंद करायची राहिली, म्हणजे माणूस एकाच वेळी अंबडला पण आणि सिन्नरला पण कामाला. त्याच ओघात आधीच्या नोकरीतलं "हँडलिंग" तसंच राहतं, तिथे "हँडल्ड" पाहिजे. दुसरी जरा नाजूक आहे. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टरच्या पे-रोलवर काम करणारे पुष्कळ, आणि रिझ्युमेवर लिहितात मोठ्या कंपनीचं नाव. काम तिथेच केलं हे खरं आहे, पण पडताळणी करणारे पीएफचा रेकॉर्ड मागतात, तिथे कॉन्ट्रॅक्टरचं नाव दिसतं आणि मग खरं बोलणारा माणूस पण खोटा ठरतो. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ ऑफिसच्या, साइटवर तुमचा बारा आकडी यूएएन (पीएफचा नंबर) टाकून लॉगिन करा, सर्व्हिस हिस्टरीमध्ये कंपनीचं नाव, लागल्याची आणि सुटल्याची तारीख असते, त्याच्याशी रिझ्युमे जुळवा. आणि लिहा असं, अमुक कॉन्ट्रॅक्टरच्या पे-रोलवर, अमुक कंपनीच्या प्लांटमध्ये. यात कमीपणा काही नाही.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं असेल तर हा भाग दोनदा करा. स्पेलिंग ते चुकवत नाही, पण तुम्ही हेल्पर होतात आणि त्यात "दहा जणांच्या टीमचं नेतृत्व केलं" असं येतं, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच येणार. आणि चौकोनी कंसात "कंपनीचं नाव येथे लिहा" असं इंग्रजीत राहिलेलं तर मी या वर्षातच चार वेळा पकडलंय.

पीडीएफची एक चाचणी

पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच आलं नाही तर तुमचा पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे, मोबाइलने कागदाचा फोटो काढून बनवलेला, त्यात कंपनीच्या रिझ्युमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला नाव पण सापडत नाही, नंबर पण नाही. आलं पण उलटसुलट आलं, म्हणजे डावीकडच्या रकान्यातली ओळ उजवीकडच्यात मिसळली, तर टेम्प्लेट दोन रकान्यांचं किंवा टेक्स्ट बॉक्सवालं आहे, दिसायला भारी पण वाचायला वाईट, साधं एका रकान्याचं घ्या. नंबर आणि मेल हेडरमध्ये टाकला असेल तर खाली मुख्य पानात आणा, काही सॉफ्टवेअर हेडर सोडून देतात.

शाळेच्या, संस्थेच्या जागांसाठी मराठीत अर्ज करणाऱ्यांना वेगळाच त्रास. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल पाठवली आणि समोर तो फॉन्ट नसला की अर्जाऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आमच्यासारखे जुने डीटीपीवाले सवयीने त्यातच टाइप करतात, त्यांना स्पष्ट सांगा, "युनिकोडमध्ये द्या".

पाठवून झाल्यावर चूक दिसली तर

नंबर, मेल, तारीख, कंपनीचं नाव यात चूक असेल तर लगेच दुसरा मेल करा, दोनच ओळी, आधीच्या फाइलमध्ये मोबाइल नंबर चुकला होता, सुधारित प्रत जोडली आहे. मोठी माफी, कारणं, घरची अडचण काही लिहायचं नाही. स्वल्पविराम किंवा एखादं अक्षर चुकलं असेल तर सोडून द्या, मूळ फाइलमध्ये तेवढं सुधारा, दुसरा मेल करून उगाच त्यांचं लक्ष तिकडे नेऊ नका. कंपनीच्या गेटवर वॉचमनकडे कागद दिला असेल तर नवीन कागद नेऊन द्या आणि जुना परत मागा, देतात बऱ्याचदा.

आणि घरात त्या जुन्या वीस-पंचवीस झेरॉक्स पडल्या असतील, पैसे गेलेत म्हणून ठेवलेल्या, त्यावर पेनने नंबर खोडून वर नवीन लिहून चालवू नका. त्या क्वालिटीवाल्याने तेच करायचं ठरवलं होतं, मी त्याच्यासमोर फाडल्या. मागची बाजू कोरी होती, हिशोबाला पाठकोरे म्हणून चालले असते, पण पुढच्या बाजूला चुकीचा का होईना कुणाचा तरी खरा नंबर होता.